जुना ब्लोअर घ्यावा की जुना एचटीपी? तीन एकरवाल्याला सल्ला हवा

माळावरचा_जत | २ सप्टेंबर, रात्री ९:१०

राम राम मंडळी. जत तालुक्यात माझी तीन एकर जमीन आहे. दीड एकर द्राक्ष, एक एकर डाळिंब आणि उरलेल्या अर्ध्या एकरात घरापुरता भाजीपाला. आजवर भाड्याचा ब्लोअर (ट्रॅक्टरवर चालणारं, पंख्याच्या हवेनं औषध उडवणारं यंत्र) आणि पाठीवरचा बॅटरी पंप यांवर फवारणी भागवली. गेल्या वर्षी गोडी (फळासाठीच्या) छाटणीनंतर विसाव्या दिवशी पाऊस लागला. ब्लोअरवाल्याला फोन केला तर माझ्या आधी सात जणांचे नंबर. माझी पाळी तिसऱ्या दिवशी आली. तोवर डाऊनी (केवडा रोग) घडांत शिरला होता. निम्मा माल डोळ्यांदेखत गेला. त्या दिवशी ठरवलं, यंत्र स्वतःचं पाहिजे.

नवीन घ्यायची ऐपत नाही. अनुदानासाठी अर्ज केला होता, सोडतीत नाव लागलं नाही. २४ एचपीचा जुना मिनी ट्रॅक्टर घेतलाय, त्याचे हप्ते चालू आहेत. सध्या दोन जुन्या वस्तू नजरेत आहेत. एक ४०० लिटर टाकीचा, ट्रॅक्टरच्या मागे बसणारा ब्लोअर. मालक म्हणतो सहा वर्षं वापरलाय, ६८ हजार सांगतोय. दुसरा एचटीपी, म्हणजे लांब पाइप आणि हातातल्या गनने मारायचा जास्त दाबाचा पंप. पेट्रोल इंजिन, १०० मीटर पाइप, दोन गन, सगळं मिळून १५ हजार.

छाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात धरणार आहे, म्हणजे महिनाभर हातात आहे. कोणतं घ्यावं आणि घेताना काय बघावं? मला इंजिनातलं थोडंफार कळतं, पंपातलं काहीच कळत नाही.

वेलीचा_मित्र | २ सप्टेंबर, रात्री ९:३२

दादा, आधी एवढं सांगा. ओळीतलं अंतर किती? वेली मांडवावर की वाय आकाराच्या आधारावर? आणि ओळीच्या टोकाला वळायला जागा किती?

माळावरचा_जत | २ सप्टेंबर, रात्री ९:४१

द्राक्ष ९ बाय ५ फूट, वाय. डाळिंब १४ बाय १०. वळायला १२ फूट आहे, एका बाजूला विहीर असल्यामुळे तिथे जरा अडचण आहे.

वेलीचा_मित्र | २ सप्टेंबर, रात्री ९:५८

मग थ्री पॉइंटला (ट्रॅक्टरमागच्या उचलणाऱ्या जोडणीला) उचलून घ्यायचा ब्लोअर वळेल, चाकांवर ओढायचा वळणार नाही. पण वजनाचा हिशोब करा. ४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलो, वर टाकी, पंखा, पंप, सांगाडा धरून आणखी दोनेकशे किलो. तुमच्या ट्रॅक्टरची लिफ्ट किती उचलते ते कागदावर बघा आणि पुढे वजनं लावा. चढाला भरल्या टाकीनिशी पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग ऐकत नाही. आमच्या शिवारात असाच एक ट्रॅक्टर मागे बसला होता. माणूस वाचला, पण दोन वेली आणि एक अँगल गेला.

काटकसर | २ सप्टेंबर, रात्री १०:१५

तीन एकराला ब्लोअर कशाला हो? स्पष्ट बोलतोय, राग मानू नका. आधीच ट्रॅक्टरचे हप्ते आहेत. माझी चार एकर डाळिंब आहे, सांगोल्याकडे. एचटीपीवर अकरा वर्षं काढली. गन हातात असली की झाडाच्या पोटात शिरून पानाच्या खालच्या बाजूला मारता येतं. ब्लोअर ओळीतून निघून जातो, झाड बाहेरून ओलं दिसतं आणि आत कोरडं राहतं. तेल्या रोगाच्या दिवसांत मला ती जोखीम नको. १५ हजारांत भागत असेल तर ६८ कशाला घालता?

निफाडची_शेतकरीण | २ सप्टेंबर, रात्री १०:५०

काटकसर दादा, तुमचं डाळिंबाचं म्हणणं पटलं. पण एक विचारू का? तुमच्याकडे पाइप कोण ओढतं?

आमच्याकडे सहा वर्षं मी ओढला. हे गन धरायचे, मी मागून पाइप. पाण्याने भरलेला पाइप ओळीतून वळवून आणायचा म्हणजे खांदे निघतात. आणि गन मारणारा पुढे असतो, त्याने मारलेलं सगळं खाली ठिबकत असतं, त्याच्याखालून पाइपवाल्या माणसाने चालायचं. गन धरणाऱ्याच्या तोंडाला निदान रुमाल असतो. पाइप ओढणाऱ्या बाईचा पदर भिजलेला असतो आणि त्याच पदराने ती घाम पुसते. मला तेव्हा रात्री डोळे चुरचुरायचे, डोकं जड व्हायचं. थकव्यानं होतंय असंच वाटायचं. जुना ब्लोअर घेतला त्या वर्षापासून ते थांबलं.

माळावरचे दादा, स्वस्त-महाग ठरवताना पाइप ओढणारा माणूस हिशोबात धरा एवढंच म्हणते.

काटकसर | २ सप्टेंबर, रात्री ११:२०

ताई, आमच्यात पाइप माझा धाकटा भाऊ ओढतो. तुम्ही लिहिलंत ते वाचून थोडा वेळ गप्प बसलो. उद्याच त्याच्यासाठी चष्मा आणि मास्क आणतो. आजवर फक्त स्वतःपुरता आणत होतो.

मिस्त्री_कवठे | ३ सप्टेंबर, सकाळी ६:४५

माझं फवारणी यंत्रं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. सकाळी शटर उघडायच्या आधी लिहितो, कारण एकदा गिऱ्हाईक आलं की फोन हातात घ्यायला होत नाही.

ब्लोअर बघायला जाल तेव्हा दोन-अडीच तास काढून जा. स्वतःचा ट्रॅक्टर नेता आला तर उत्तम. मालकाला आधीच सांगून ठेवा, टाकीत साधं पाणी भरून अर्धा तास चालवून बघणार. जो माणूस याला नाही म्हणेल, त्याच्या दारातून परत फिरा.

बहुतेक ब्लोअरला डायफ्राम पंप (आत रबरी पडदे असलेला) असतो. त्यावर तेलाची छोटी बाटली किंवा काच असते. चालू करायच्या आधी तेलाचा रंग बघा, मधासारखा दिसला पाहिजे. पण तेवढ्यावर खूश होऊ नका. विकायच्या आदल्या दिवशी तेल बदलणारे पुष्कळ असतात. २० मिनिटं दाबावर चालवा आणि मग परत बघा. तेल ताकासारखं पांढरं झालं असेल तर डायफ्राम फाटलाय, पाणी तेलात शिरतंय. तसाच चालवला तर आतली बेअरिंग, क्रँक सगळं खातं. नुसता डायफ्राम फाटला असेल तर खर्च झेपण्यासारखा असतो. तो किती दिवस फाटलेल्या अवस्थेत चालवला, हा खरा प्रश्न. त्यासाठी पंपाच्या अंगाला कान लावा. खडखड आवाज असेल तर तो पंप माझ्याकडेही आणू नका.

मग दाबाचा गेज. काटा एका जागी स्थिर पाहिजे. थरथरत असेल तर एअर चेंबरची हवा गेलेली असते नाहीतर व्हॉल्व्हमध्ये घाण असते, दोन्ही दुरुस्त होतं. गेजच बंद पडलेला असेल तर स्वतःचा साधा गेज लावून बघा.

इंजिन बंद करून पंखा हाताने वर-खाली हलवा. खेळ जाणवला की बेअरिंग गेलं. सगळ्या पात्यांवरून हात फिरवा. एका पात्याचं टोक जरी उडालेलं असलं तरी पंखा थरथरतो आणि ती थरथर सांगाड्याच्या जोडांपर्यंत जाते. सांगाड्याला ताजा रंग दिला असेल तर थ्री पॉइंटच्या पिनांजवळ नीट बघा, वेल्डिंगच्या चिरा तिथेच असतात आणि रंगाखाली झाकल्या जातात. टाकी संध्याकाळी बघितलीत तर चांगलं. आत बॅटरी धरा आणि बाहेरून बघा, प्लास्टिकमधल्या बारीक भेगा उजेडात केसासारख्या दिसतात.

पीटीओ शाफ्टचे (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणाऱ्या दांड्याचे) दोन्ही क्रॉस हाताने पिळून बघा. आणि शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर आहे का बघा. जुन्या मालात दहातल्या आठ ठिकाणी नसतं. ५४० फेऱ्यांनी फिरणाऱ्या उघड्या शाफ्टमध्ये लुंगीचं टोक किंवा ओढणी गेली तर हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही. हे मी दुकानदार म्हणून सांगत नाही. आमच्या गावात झालंय.

एचटीपीचं नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलं.

बांधावरून | ३ सप्टेंबर, सकाळी ७:३०

मिस्त्री, ही पोस्ट छापून दुकानात लावा. मी मागच्या वर्षी रंग बघून ब्लोअर घेतला. चकचकीत निळा. पहिल्याच पावसात निळा रंग जमिनीवर आणि गंज माझ्या वाट्याला.

मिस्त्री_कवठे | ३ सप्टेंबर, दुपारी २:१०

एचटीपी. जेवता जेवता लिहितो.

त्याच्यात तीन प्लंजर (दट्टे) पुढे-मागे होतात. दहा मिनिटं दाबावर चालवून पंपाच्या पोटाखाली हात धरा. एखाद-दुसरा थेंब चालतो, धार लागली तर पॅकिंग गेलं. पॅकिंग स्वस्त असतं. पण नवं पॅकिंग बसवूनही आठवड्यात गळायला लागलं तर प्लंजरवर चरे पडलेत असं समजा. यातही क्रँकचं तेल बघा, पांढरं दिसलं तर सीलमधून पाणी आत जातंय. गन बंद केल्यावर दाब एकदम उडता कामा नये, बायपासने पाणी टाकीत परत गेलं पाहिजे. रेग्युलेटर अडकलेला असेल तर पाइप फुटतो, आणि पाइप नेहमी माणसाजवळच फुटतो.

इंजिनाचं तुम्हाला कळतं म्हणालात, ते तुम्ही बघून घ्या. १०० मीटर पाइप संपूर्ण उलगडून बघा. गुंडाळीतला पाइप कधीच खरं सांगत नाही.

वेलीचा_मित्र | ३ सप्टेंबर, दुपारी ३:०५

आता सर्वात महत्त्वाचा प्रश्न. यंत्र कोणाचं आणि कशावर चाललं? एचटीपी उसाच्या रानातला असेल तर त्यातून टू-फोर-डी हे तणनाशक गेलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. द्राक्षवेलीला त्याचा वाससुद्धा सहन होत नाही. टाकी धुतली तरी पाइपच्या आतल्या थरात, सीलमध्ये, गाळणीत अंश राहतो आणि पुढे औषधाबरोबर सुटून येतो. "यातून तणनाशक मारलंय का" असं विचारलंत तर मालक नाही म्हणेल. "उसाला याने काय काय मारलं" असं विचारा, तो सगळं सांगेल.

काळीमाती_यवतमाळ | ३ सप्टेंबर, रात्री ८:४०

वेलीच्या मित्राचं बोलणं सोळा आणे खरं. माझ्यावर गुदरलंय ते सांगतो.

चार वर्षांपूर्वी बाजारातून जुना बॅटरी पंप घेतला, १६ लिटरचा. बारा व्होल्टची बॅटरी नवीन टाकून दिली होती, मी त्याच आनंदात. दोनदा पाण्यानं खंगाळला आणि पऱ्हाटीवर (कपाशीवर) मावा-तुडतुड्याचं औषध मारलं. आठ-दहा दिवसांनी शेंड्याची पानं बघतो तर भेंडीसारखी. चिरलेली, अरुंद, बोटं पसरल्यासारखी, शिरा एकमेकींजवळ आलेल्या. मला वाटलं रोग आला. कृषी सहायकानं पान हातात घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पंप कोणाचा?" विकणाऱ्यानं धुऱ्यावरचं तण मारायला टू-फोर-डी वापरलं होतं. दोन एकरांतल्या पात्या (कळ्या) गळाल्या. झाडं पुढे सावरली, पण बोंडं उशिरा लागली आणि पहिली वेचणी गेलीच.

तेव्हापासून माझ्या घरी तणनाशकाचा पंप वेगळा आहे. त्याला लाल ऑइलपेंट मारलाय आणि तो गोठ्यात टांगलेला असतो, बाकीच्या पंपांजवळ येऊच देत नाही. लहान पोराला पण माहीत आहे, लाल पंपाला हात लावायचा नाही.

बांधावरून | ३ सप्टेंबर, रात्री ९:०२

भाऊ, पण मग जुना पंप धुवायचा कसा? घेतलाच तर?

काळीमाती_यवतमाळ | ३ सप्टेंबर, रात्री ९:३०

मले जसं सांगितलं तसं सांगतो. आधी साध्या पाण्यानं, पाणी गनमधून काढून. मग धुण्याचा सोडा टाकलेलं पाणी पूर्ण भरून, थोडं पाइपातून-गनमधून सोडून तसंच रातभर ठेवायचं. सकाळी काढायचं आणि दोन-तीनदा साध्या पाण्यानं परत. नोझल, गाळणी, वायसर सुटे करून वेगळे धुवायचे. धुतलेलं पाणी नाल्यात, विहिरीजवळ नाही सांडायचं. एवढं केल्यावरही मुख्य पिकावर मारायच्या आधी चार-दोन झाडांवर मारून आठ-दहा दिवस थांबायचं. पण टू-फोर-डी गेलेला पंप कापसाला आणि द्राक्षाला घेऊच नाही, असं माझं मत.

अजून एक, पाठीवरचा जुना पंप घेणाऱ्यांसाठी. पाणी भरून, पाठीवर घेऊन, वाकून बघा. झाकणाचं वायसर गेलं असेल तर पाठीवर धार लागते. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात होते. पऱ्हाटी त्या साली डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावरच परत यायचा. माझ्या शेजारचा माणूस सरकारी दवाखान्यात बारा दिवस होता. त्याचा सदरा पाठीवर कायम ओला राहायचा हे आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं, कोणाला काही वाटलं नव्हतं. जुना पंप पाचशे रुपयांनी स्वस्त मिळतो तो बहुतेक त्या गळक्या झाकणापायीच.

निफाडची_शेतकरीण | ३ सप्टेंबर, रात्री ९:५५

भाऊ, वाचून अंगावर काटा आला. डब्यावरचा त्रिकोणही सगळ्यांनी बघत जा. लाल आणि पिवळा असेल तर जास्त विषारी, निळा-हिरवा त्यामानाने कमी. आमच्याकडे मजूर बायकांना मी तो रंग आधी दाखवते. वाचता येत नसलं तरी रंग कळतो.

कुळागर | ४ सप्टेंबर, सकाळी ८:२०

गोव्याहून, फोंड्याकडून लिहितो. आमच्याकडे प्रश्न वेगळा, सुपारीचा. पावसाळ्यात कोळेरोगासाठी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारावं लागतं. माझ्या वडिलांनी जुना पितळी फूटपंप घेतला होता, तो अजून चालतो. एकाने खाली पायाने दांडा मारायचा आणि दुसऱ्याने माडीवर (सुपारीच्या झाडावर) चढून घोसावर फवारा धरायचा.

बोर्डोसाठी जुना पंप घेणाऱ्यांना एवढंच सांगेन, आतले भाग लोखंडी किंवा जस्ताचा मुलामा दिलेले नकोत, मोरचूद ते खातं. एक टक्का करायचं तर १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवायचं आणि मग एकत्र करायचं. तयार झालं की त्यात लोखंडी सुरी बुडवायची. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. आणि दोनदा फडक्यातून गाळायचं. चुन्याची कच व्हॉल्व्हच्या बैठकीत बसली की दाब धरत नाही. जुना पंप "दाब धरत नाही" म्हणून कोणी स्वस्तात देत असेल तर आधी व्हॉल्व्ह उघडून बघा. माझ्या शेजाऱ्याने असाच एक मातीमोल भावात घेतला आणि चुना खरवडल्यावर नव्यासारखा चालला.

वेलीचा_मित्र | ४ सप्टेंबर, सकाळी ८:५०

कुळागरबाब, सुपारीवर ब्लोअर कसा चढवायचा ते कोणी शोधून काढलं की आम्हाला आधी कळवा. बाकी सुरीची परीक्षा आम्ही द्राक्षातही करतो.

सोबती_दिंडोरी | ४ सप्टेंबर, दुपारी १:१५

माळावरचे दादा, दोघा-तिघांत मिळून ब्लोअर घ्यायचा विचार केलात का? ६८ हजारांचे तीन भाग केले की ओझं हलकं होतं.

निफाडची_शेतकरीण | ४ सप्टेंबर, दुपारी २:००

सोबती दादा, द्राक्षात हे टिकत नाही, अनुभवाने सांगते. आम्ही तीन घरांनी मिळून घेतला होता. मन सगळ्यांचं चांगलं होतं. पण पाऊस तिघांच्या बागेवर एकाच रात्री पडतो, पानं तिघांची एकाच वेळी ओली असतात, आणि पहाटे सहाला तिघांनाही ब्लोअर हवा असतो. भाड्याच्या ब्लोअरवर जी रांग लागते तीच घरात लागली. दुसऱ्या वर्षी आम्ही बाकी दोघांचे पैसे देऊन टाकले. शेजार टिकला हे नशीब. डाळिंबात किंवा भाजीत वेळ पुढेमागे करता येते, तिथे जमेल.

मोजमाप | ४ सप्टेंबर, रात्री ९:२०

सगळं वाचलं. एक राहिलं, तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पैसे देण्याआधी नोझल मोजा.

पंख्याचा गिअर न्यूट्रलला टाकून फक्त पंप चालवा. प्रत्येक नोझलवर पाइपचा तुकडा बसवून तो बाटलीत सोडा, घड्याळ लावून एक मिनिट. सगळ्या बाटल्या ओळीने ठेवा. जे डोळ्याला कधीच कळत नाही ते बाटल्यांत लगेच दिसतं. झिजलेलं नोझल जास्त पाणी सोडतं. नव्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त सोडायला लागलं की बदलायचं. नोझल काही फार महाग नाहीत, त्यामुळे फरक दिसला म्हणून यंत्र नाकारू नका, भाव कमी करून घ्या.

आणि हाच आकडा पुढे कामाला येतो. समजा दहा नोझल, प्रत्येकी मिनिटाला २ लिटर, एकूण २०. ट्रॅक्टरचा वेग तासाला ४ किलोमीटर. (बागेत १०० मीटर मोजून खुणा करा, ९० सेकंदांत गेलात तर ४ चा वेग.) म्हणजे मिनिटाला ६७ मीटर. तुमची ओळ ९ फुटांची, म्हणजे २.७४ मीटर. मिनिटाला साधारण १८३ चौरस मीटर बाग होते. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, तो व्हायला २२ मिनिटं. २२ गुणिले २० म्हणजे एकराला ४४० लिटर. छाटणीनंतर पाला कमी असताना एवढं पाणी लागत नाही, तेव्हा वरची-खालची नोझल बंद ठेवायची. हा हिशोब न करता औषध टाकलं तर एक तर कमी पडतं, नाहीतर जास्त पडून मण्यात अंश राहतो आणि माल परत येतो.

काटकसर दादांच्या "आत कोरडं राहतं" या मुद्द्यावर: पाण्याचा थेंब पडला की निळा होणारा पिवळा कागद मिळतो. तो झाडाच्या पोटात, पानाच्या खालच्या बाजूला टाचून नुसतं पाणी फवारा. ब्लोअर आत पोचतो की नाही ते कागद सांगेल. बहुतेक वेळा वेग कमी केला आणि पंख्याची हवा नीट वळवली की पोचतं.

काटकसर | ४ सप्टेंबर, रात्री ९:५०

कागद मागवतो. माझं चुकत असेल तर इथेच येऊन लिहीन.

सोबती_दिंडोरी | ५ सप्टेंबर, सकाळी १०:३०

घेताना कागदाचंही बघा. मूळ बिल मागा, त्यावरचा नंबर यंत्रावरच्या पाटीशी जुळवा, आणि विकत घेतल्याचं दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या. आणि ब्लोअर अनुदानातून घेतलेला असेल तर तो विकायची मुभा आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

माळावरचा_जत | १४ सप्टेंबर, रात्री ८:३०

मंडळी, उशिरा लिहितोय. दोन्ही ठिकाणी जाऊन आलो.

आधी एचटीपी. मालकाला वेलीच्या मित्राने सांगितलं तसंच विचारलं, उसाला काय काय मारता. तो अगदी मोकळेपणाने म्हणाला, "लागणीनंतर टू-फोर-डीचा हात असतोच की." पंप चांगला होता, इंजिन एका झटक्यात सुरू झालं. तरी नमस्कार करून निघालो. तो माणूस वाईट नव्हता, मी विचारलंच नसतं तर तो तरी का सांगेल?

मग ब्लोअर. स्वतःचा ट्रॅक्टर नेला, २७ किलोमीटर. सोबत प्लास्टिकच्या दहा बाटल्या, पाइपचे तुकडे आणि घरचं मापाचं भांडं. तिथले अण्णा आधी हसले, नंतर स्वतःच बाटल्या धरायला बसले. आठ नोझल १.९ ते २.१ लिटर. एक २.६, आणि एक १.२. त्या १.२ वाल्यात गंधकाची पूड घट्ट बसली होती, काडीने निघाली. तेल सुरुवातीला मधासारखं होतं. मी मनात म्हटलं, मिस्त्री उगाच घाबरवतात. वीस मिनिटांनी काचेत बघतो तर अगदी ताक. अण्णांनाही माहीत नव्हतं, त्यांचा मुलगा चालवायचा आणि तो आता पुण्यात नोकरीला आहे. पंपाला कान लावला, आवाज एकसारखा, खडखड नाही. पंखा घट्ट. एका पात्याचं टोक नखाएवढं उडालेलं. टाकी चांगली. बिल होतं, अनुदान नव्हतं, बागेवरच चाललेला.

अण्णांना काच दाखवली. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, तू सांग. मी ५४ म्हटलं, ५६ ला मिटलं. डायफ्रामचं किट, तेल, एक पातं, दोन नोझल आणि मजुरी मिळून साडेपाच हजार गेले. म्हणजे साडेएकसष्टमध्ये पडला.

मिस्त्री_कवठे | १४ सप्टेंबर, रात्री ९:०५

पंपाच्या पोटात काही खाल्लेलं (झिजलेलं) निघालं का?

माळावरचा_जत | १४ सप्टेंबर, रात्री ९:१२

नाही. उघडला तेव्हा मी समोर होतो. तीनपैकी एका डायफ्रामला कडेला बोटाच्या पेराएवढी चीर. बेअरिंग स्वच्छ. मेकॅनिक म्हणाला आणखी एक हंगाम चालवला असता तर गेलाच असता.

मिस्त्री_कवठे | १४ सप्टेंबर, रात्री ९:२०

मग भाव बरोबर बसला. दर फवारणीनंतर टाकीत साधं पाणी टाकून पाच मिनिटं चालवत जा. गंधक तसंच राहिलं तर पुढच्या वेळी परत १.२ येईल.

काटकसर | २ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मी कागद मागवले होते त्याचं लिहायचं राहिलं. शेजाऱ्याचा ब्लोअर आणून डाळिंबात बघितलं. त्याच्या नेहमीच्या वेगात आतले कागद निम्मे पिवळेच राहिले. वेग निम्मा केला तेव्हा निळे झाले, पण अगदी बुंध्याजवळचा एक कागद तरीही कोरडा. माझ्या गनने तोही निळा झाला, मात्र पाणी दीडपट लागलं. तेव्हा मी अर्धा बरोबर आणि अर्धा चूक. छाटणी करून झाड मधून मोकळं केलं तर ब्लोअर पुरेल असं वाटतंय. यंदा दोन ओळींवर करून बघतो. भाऊ चष्मा लावून पाइप ओढतोय.

निफाडची_शेतकरीण | २ ऑक्टोबर, रात्री ९:५८

काटकसर दादा, वाचून बरं वाटलं. माळावरचे दादा, शाफ्टच्या कव्हरचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. होतं का?

माळावरचा_जत | २ ऑक्टोबर, रात्री १०:१०

नव्हतं, ताई. परवा नवीन बसवलं, पिवळं. घरात सगळ्यांना दाखवलं आणि सांगितलं, हे नसेल तर ट्रॅक्टर सुरू करायचा नाही. छाटणी १२ तारखेला धरलीय.